नऊ नंबरचं प्रेत

"प्रेतांना नावं नसतात, अक्का. नंबर असतात," हयवदन म्हणाला. "तुमचे वडील कितवे?"

अनुसूयाला ठाऊक नव्हतं.

यशवंतपूरच्या या गोदामात हयवदन सिनेमा काढत होता. मसणातली चाळीस प्रेतं उठतात आणि वाटेवरचं वऱ्हाड खातात. रक्त म्हणून काकवी. आतडी खरी, बकऱ्याची. माश्या घोंगावत होत्या. कपडे ज्याचे त्याने घरून आणायचे, एका ढिगात टाकायचे. ज्याच्या हाती जे येईल ते त्याने चढवायचं.

बसवनगुडीतलं शिंपीकाम सोडून तिचे वडील विठोजी साठाव्या वर्षी इथे प्रेत व्हायला निघाले, तेव्हा ती म्हणाली होती, "आईला जाऊन वर्ष नाही झालं, अप्पा. ते तोंड रंगवून या घरात येऊ नका."

ते आले नाहीत. गोदामातच झोपू लागले.

मग रुळांवर एक देह सापडला. "फडकं काढू नका," हवालदार म्हणाला. चेहरा उरलाच नव्हता. तिने कोटाचं अस्तर उलटून पाहिलं. आतला खिसा तिच्याच हातचा. शिंप्याच्या घरात माणूस शिवणीवरून ओळखतात. तिने मान हलवली. त्याच दुपारी अग्नी दिला.

"चौदा दिवस झाले," ती म्हणाली. "मला चेहरा बघता आला नाही. तुमच्या पडद्यावर एकदा दिसला तर..."

हयवदनचा हात तोंडाकडे गेला. "चौदा? अय्यो! नऊ नंबर तेव्हापासून नाहीत. मला वाटलं, काकवीला कंटाळून पळाले. शिव्या घातल्या हो मी त्यांना."

"काम नीट करायचे ना ते?"

"एकदम मन लावून. स्वल्प बसा, अक्का. मद्रासहून धुऊन आलेली रिळं आहेत. सापडतील."

त्याने खिडक्या लावल्या. भिंतीवरच्या चादरीवर उजेड पडला. माती हलली, हात वर आले. एकेक प्रेत बाहेर निघालं. एक लटपटलं, दुसऱ्यावर आपटलं. हयवदन खुदकन हसला, मग ओशाळला.

इतक्यात एक डोकं मातीतून वर आलं. हनुवटीवरून काकवी गळत होती, दातांत आतडं होतं. डोळे मात्र तसेच, सुईत दोरा ओवताना बारीक व्हायचे तसे.

अनुसूया उठली. चादरीवर हात ठेवून उभी राहिली.

"हे माझे अप्पा."

हयवदनने यंत्र थांबवलं.

"हे तर सतरा नंबर, अक्का. आत्ता मागे जेवायला बसलेत."