लेमुएलचा घण

"ओबेड, लेका, जिवंत आहेस का आत?" दाराबाहेरून स्टर्जिसनं विचारलं.

आडणा लावलेल्या दाराला पाठ टेकून ओबेड जमिनीवर बसला होता. सोमवारपासून घर बंद होतं. खिडक्यांच्या फळ्यासुद्धा आतून ठोकून घेतलेल्या.

स्टर्जिस शेरीफचा माणूस. ओबेडला धरायचा कोर्टाचा कागद त्याच्या खिशात होता. ओबेड टोप्या करायचा आणि कातडीवाल्याची उधारी थकली होती. पण कायद्यानं स्टर्जिसला दार फोडता येत नव्हतं. आणि अंगाला हात लागल्याशिवाय अटक होत नव्हती. एक बोट लागलं तरी पुरे, पण लागायला हवं.

कागदाची मुदत आजच संपत होती. आज हात लागला नाही तर तो फुकट, वसंतात कोर्ट बसेपर्यंत दुसरा निघणार नव्हता. आणि आज शनिवार. सूर्य मावळला की शब्बाथ, देवाचा विसाव्याचा दिवस, लागतो. मग कुणी कुऱ्हाड उचलत नाही, चरखा फिरवत नाही, शेरीफचा माणूस कुणाला शिवत नाही.

"तूच केलेली टोपी घालून बसलोय बघ," स्टर्जिस म्हणाला. "पाणी आत येत नाही हिच्यात. पण मी पैसे रोख दिले होते हां!"

"मग तीच कोंब तोंडात," आतून केझिया ओरडली. ओबेडची बायको. पोटुशी होती, विझलेल्या चुलीपाशी शाल गुंडाळून बसली होती. ओठ फुटले होते तिचे. सकाळीच पाणी संपलं होतं.

स्टर्जिस हसला. "वहिनी, गाय हंबरतेय तुमची. कास फुटेल तिची. दार उघडा, दूध काढून घ्या. मी तिकडं तोंड करून उभा राहतो."

"तुझं तिकडं तोंड केलेलं बघितलंय. सायलसच्या वेळी."

गेल्या हिवाळ्यात वाडीतल्या सायलसला असंच उधारीपायी नेलं होतं. तुरुंगात ताप आला. त्याच्या घरी त्याचे बूट तेवढे परत आले.

मग स्टर्जिसचा आवाज आला, पण हळू. दाराच्या फटीला तोंड लावून बोलत असावा. "ओबेड, ऐक. तू सुटलास तर माझी भाकरी जाईल. ते जाऊ दे. पण तो कातडीवाला गप्प बसेल का? तो तुझ्या जामिनाच्या दारात जाईल. जामीन कोण आहे तुला?"

ओबेडनं डोळे मिटले. "लेमुएल."

"चार पोरं आहेत त्याला."

"लेमुएल मित्र आहे माझा."

"हो ना," स्टर्जिस म्हणाला. तो उठला. त्याचे बूट अंगणातून वाजत खाली गेले. मग वाजेनासे झाले.

ओबेडच्या घराचं तोंड पूर्वेला. पाठीशी टेकडी. दुपार कलली की अंगण सावलीत जायचं, सूर्याचं काही कळायचं नाही. कळायची गरजही नव्हती. खाली लेमुएलचा लोहारवाडा होता. लेमुएल चर्चमधला वडील माणूस. लाल झालेलं लोखंड तसंच सोडून देईल, पण शब्बाथ मोडणार नाही. त्याचा घण थांबला की वाडीतली माणसं हातातलं काम खाली ठेवायची.

घण चालू होता. ठण्ण. ठण्ण. लेमुएलचा मुलगा लाकडं फोडत होता. लेमुएलची बायको ओसरीवर चरखा फिरवत होती, त्याची घरघरही ऐकू येत होती. ओबेड एकेक आवाज पकडून बसला होता.

आधी कुऱ्हाड थांबली.

केझियानं मान वर केली.

मग चरखा. घण दोनदा वाजला, एकदा अर्धवट वाजला. आणि थांबला.

गाय तेवढी हंबरत होती.

"लागला," ओबेड म्हणाला. "केझी, लागला शब्बाथ. सुटलो."

"थांब जरा."

"लेमुएलचा घण थांबला गं! आणखी काय पाहिजे?"

"चांगला अंधार पडू दे. माझं ऐक."

"तुझे ओठ बघ. पोटातलं तरी बघ." त्यानं बादली घेतली. फटीला कान लावला. "स्टर्जिस?" उत्तर नाही. पाऊल नाही. श्वास नाही. त्यानं आडणा काढला. दार उघडून एक पाय बाहेर टाकला.

अंगणात सावली होती. पण समोर, दरीच्या पलीकडं, चर्चचा कळस उन्हात पिवळाधमक होता.

ओबेड पाय मागं घेणार होता. तेवढ्यात खांद्याला काहीतरी लागलं. दाराशेजारी भिंतीला चिकटून स्टर्जिस उभा होता. पायात नुसते मोजे, बूट डाव्या हातात. उजव्या हाताचं एक बोट ओबेडच्या खांद्यावर होतं.

बादली पायरीवरून गडगडत गेली.

"वहिनीला पाणी काढून दे," स्टर्जिस खाली बघत म्हणाला. "मी थांबतो तोवर."

ओबेड त्याच्याकडं बघतच नव्हता. खाली लोहारवाड्याच्या दारात लेमुएल उभा होता, घण हातातच. त्याची बायको ओसरीवर, तोंडावर पदर धरल्यासारखा एप्रन धरून. ओबेडनं हाक मारायला तोंड उघडलं.

लेमुएल आत गेला.

जरा वेळानं घण वाजला. एकदाच. मग परत वाजायला लागला, भराभर, ऊन आहे तोवर काम उरकून घ्यावं तसा.