आकाशने पाडलेली भिंत

स्वयंपाकघराची भिंत आकाशने पाडली होती. नुसती पाडून गप्प बसला नव्हता, तिथे तीन ठोकळे रुंद खिडकी बसवली होती. आणि राजसीने ती तशीच राहू दिली होती.

विनीत स्क्रीनकडे बघत राहिला. अंबरनाथला मोरिवलीतल्या त्याच्या खोलीत पुढ्यातला चहा गार झाला. अंगाचा तिळपापड होतो म्हणजे नेमकं काय होतं, ते त्याला आज कळलं.

म्हटलं तर सगळा खेळच. ठोकळ्यांवर ठोकळे रचून घरं, किल्ले, पूल बांधायचा व्हिडिओ गेम. पण त्यात थेट बांधायला गेलं की हमखास फसगत होते. भिंत एका ठोकळ्याने चुकते आणि छप्पर बसत नाही. म्हणून विनीतने वर्षभर खपून ‘चौकट’ तयार केलं होतं. गणिताच्या वहीसारखी जाळी, एका चौकोनात एक ठोकळा, मजल्यावर मजला. आधी इथे नकाशा आखा, मग गेममध्ये जाऊन बांधा. बऱ्याच लोकांना ते आवडलं होतं.

‘चौकट’ विनीतचं अपत्य खरं, पण त्याला वळण लावलं राजसीने. जिना फिरवता आला पाहिजे, हे तिचं म्हणणं. वरचा मजला आखताना खालचा फिकट दिसावा, हेही तिचंच. एकदा तिचं फाटक एक चौकोन बाजूला सरकलं, तेव्हा तिने लिहून विचारलं होतं, ‘तुम्ही शून्यापासून का मोजता? माणसं एकपासून मोजतात.’

प्रोग्रामरची जातच शून्यापासून मोजणारी. दुसऱ्या कुणी शहाणपण शिकवलं असतं तर विनीतने ढुंकूनही बघितलं नसतं. राजसीने सांगितलं म्हणून दोन दिवस राबून त्याने अख्खी जाळी एकपासून मोजायला लावली. ‘वा, मस्तच!’ असं तिचं उत्तर आलं, त्यावर साहेब आठवडाभर हवेत होते.

तेव्हापासून ती ‘बदलापूर गावातलं घर’ या नावाने एक घर आखत होती आणि तो ते रोज बघत होता. ऑफिसला निघण्याआधी एकदा, आल्यावर एकदा. तीन पायऱ्या, निळं फाटक, कौलांचं छप्पर, मागे विहीर. तिने ओट्यावर दोन खुर्च्या मांडल्या, त्यातली एक विनीतने मनातल्या मनात आपली धरली.

आणि आता हा आकाश कुठून उपटला?

एकाच नकाशावर दोघांना काम करता यावं, ही सोयही विनीतनेच केलेली. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा. राजसीने आकाशला नकाशात बोलावून घेतलं होतं. रोज संध्याकाळी दोघांच्या माउसचे बाण शेजारी शेजारी फिरायचे. तिने भिंत उभी केली की हा रंग देणार. याने खांब चुकवला की ती न कंटाळता सरळ करणार.

विनीतला ते बघवेना, आणि बघितल्याशिवाय राहवेना. शेवटी त्याने ‘चौकट’च्या पोटात चार ओळी घुसडल्या. आकाशने लावलेला ठोकळा दुसऱ्या सकाळपर्यंत गायब. फक्त आकाशचा.

पठ्ठ्या चिकट निघाला. रोज नव्याने लावायचा. चौथ्या दिवशी राजसीचाच मेसेज आला. ‘आकाशने लावलेल्या खिडक्या सारख्या जातात. बघता का जरा?’

आकाशची रदबदली, आणि तीही विनीतकडे! त्याने मोबाइल पालथा ठेवला.

उल्हासनगरच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर राजरत्न बसायचा. त्याच्या नजरेतून काही सुटत नसे.

“काय रे, तोंड का पडलंय? वहिनी रुसली काय?”

राजसीला त्याने वहिनी म्हटलं की विनीतला बरं वाटायचं. आज नाही वाटलं.

“तिथे दुसराच कोणीतरी आहे,” तो म्हणाला.

“आयला! नाय रे. तुला कोण बोललं?”

“कोण कशाला बोलायला पाहिजे? मी रोज बघतोय.”

राजरत्नने खुर्ची जवळ ओढली. “ती अजून बदलापुरातच ना?”

“हो. बदलापूर गावात.”

“मग इथे बसून कुढतोस काय? जा ना सरळ. समोरासमोर बात कर. असल्या गोष्टी फोनवर नाय होत, भाई.”

“फोनवर आमचं बोलणं नसतंच.”

“बघ, तिथेच चुकतं तुझं!” राजरत्न म्हणाला. “बायकांना वाटतं, आपल्यासाठी कोणीतरी धावत यावं.”

ते विनीतच्या मनात घर करून बसलं.

रविवारी दुपारी त्याने दिवाळीत घेतलेला शर्ट इस्त्री करून घातला आणि अंबरनाथहून निघाला. वाटेत वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. रागवायचं नाही. राजसी भोळी आहे, चूक त्या आकाशची. ती आपली होती आणि आपलीच राहायला हवी, एवढंच सांगायचं.

बदलापूर गावात तिसऱ्या गल्लीत घर दिसलं. पत्ता विचारायची गरज पडली नाही. तेच फाटक, त्याच पायऱ्या. ओट्याची लांबीसुद्धा त्याला पाठ होती. त्याने कडी वाजवली.

दार उघडलं ते राजसीनेच. तिचे हात कणकेने भरलेले होते. तिला समोर बघितलं आणि विनीतची जुळवलेली सगळी वाक्यं पळाली.

“राजसी, झालं गेलं मी विसरतो,” तो एका दमात म्हणाला. “फक्त त्या आकाशला घराबाहेर काढ.”

राजसीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग दार अर्धं ओढून घेत तिने आत हाक मारली, “अहो, लवकर बाहेर या. कोण माणूस आहे काय माहीत, तुमचं नाव घेतोय!”