पुढची शेळी

पाण्याच्या काठाशी येताच आप्पारावनं पुढच्या शेळीच्या गळ्यातली घंटा सोडली आणि आपल्या मनगटाला बांधली.

धनगरांची ही जुनी रीत. मेंढरू आपल्या अकलेनं पाण्यात उतरत नाही. त्याला पुढं शेळी लागते, आणि शेळी दिसली नाही तरी घंटा ऐकू आली की सगळा कळप खाली मान घालून मागं जातो. म्हणून नव्या पाण्यात शेळी बिनघंटेची सोडायची. ती पार झाली की मग घंटा घेऊन आपण उतरायचं आणि कळप मागं आणायचा. बुडाली तर ती एकटीच बुडते.

गेवराईखालची ही गोदावरी आप्पारावला अंगणासारखी पाठ होती. यंदा मात्र तिचा भरवसा राहिला नव्हता. शहरात बंगले उठायला लागले, वाळूला भाव आला, तसे ट्रक दिवसाढवळ्या पात्रात उतरून पुरुषभर खोल खड्डे करून जात होते. वरून पाणी गुडघाभरच दिसायचं. खड्डे कोणाचे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण विचारायला जाणार कोण?

त्याची लेक योगिता राखीव पोलीस दलाच्या बायकांच्या कंपनीत शिपाई होती. रजेचे अजून नऊ दिवस बाकी होते, पण सकाळीच रामहरी पोस्टमन तार घेऊन आला. रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. पाचच्या एसटीनं ती निघणार होती. तेवढ्यात कळप पलीकडं न्यायला हात लावते म्हणाली. तिनं सलवार गुडघ्यापर्यंत खोचली, हातातलं घड्याळ काढलं, कानातली फुलं काढली आणि सगळं आईच्या ओंजळीत ठेवलं.

"गुडघ्याएवढं तर पाणी हाय," कडूबाई म्हणाली. "कानातलं कावून काढलंस?"

"सवय झाली, आई."

"कसली सवय?"

कडूबाईनं बारा गावांत सांगून ठेवलं होतं की आपल्या लेकीच्या खांद्यावर सरकारी बंदूक असते. इतके दिवस योगितानं आईचं म्हणणं खोडलं नव्हतं.

"घराला येढा पडतो," ती म्हणाली. "आत बंदूकवाले लपलेले असतेत, संगं बाया-लेकरं बी असतेत. बाईची झडती बाईनंच घ्यायची, म्हून पयलं दार आमी उघडायचं. आत जायच्या आदी घड्याळ, कानातलं, समदं जमादारीणबाईकडं ठिवायचं."

"आन् बंदूक?"

"ती मागच्याकडं. झडती घ्यायला दोनी हात लागतेत."

कडूबाईनं ओंजळीतल्या फुलांकडं पाहिलं. "तू पयली ऱ्हातीस का दारात?"

"न्हाई. कावेरी पयली. मी तिच्या मागं." योगितानं पाण्याकडं नजर वळवली. "मागच्या म्हयन्यापातूर."

सकाळी आलेली तार कशासाठी होती, ते कडूबाईला आत्ता कळलं. कावेरीच्या रिकाम्या जागी आता योगिताला उभं राहायचं होतं.

आप्पाराव पाठमोरा होता. त्यानं सगळं ऐकलं. शेळीच्या पाठीवर थाप मारली. शेळी पाण्यात उतरली, बेताबेतानं मधोमध गेली, एकदा मान वळवून कळपाकडं पाहिलं. मग तिच्या पायाखालची वाळू खचली. दोनदा तोंड वर आलं, तिसऱ्यांदा आलं नाही. पाणी पुन्हा होतं तसं गुडघाभर दिसू लागलं.

काठावरचं एकही मेंढरू हललं नाही. रीत खरी ठरली होती.

कळपातून एक तांबडी शेळी आपणहून पुढं आली आणि रिकाम्या जागेवर उभी राहिली. तिला कुणी हाक मारली नव्हती. आप्पारावनं सवयीनं तिची मान धरली. आता फक्त ढकलायचं होतं. आजवर त्यानं कितीतरी शेळ्या अशा ढकलल्या होत्या आणि संध्याकाळी पोटभर भाकरी खाल्ली होती. आज हात पुढं जाईना.

त्यानं लेकीकडं पाहिलं. बोडक्या कानांची, मोकळ्या मनगटांची ती पाण्याच्या कडेला उभी होती.

"मागं हो," तो म्हणाला. शेळीला म्हणाला की लेकीला, ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्यानं तांबडीला मागं सारलं, काठी घेतली आणि स्वतःच पाण्यात शिरला. काठीनं तळ चाचपत, ज्या खड्ड्यानं शेळी गिळली त्याला वळसा घालून तो पुढं निघाला.

मनगटाची घंटा सोडायची मात्र तो विसरला. जन्मभर ऐकलेला तो आवाज त्याच्या कानाला जाणवतच नव्हता.

कळपाला जाणवला. पहिलं मेंढरू उतरलं, मग दहा, मग सगळीच, वळसा न घेता सरळ घंटेच्या रोखानं.

"आबा, घंटा," योगितानं हाक दिली. त्यानं वळून पाहिलं नाही. ती दोन्ही हात पसरून आडवी आली, तर मेंढरं तिच्या अंगाला घासून, कडेनं, पायांमधून पाण्यात शिरत राहिली. मग तीही त्यांच्यामागं पाण्यात धावली.

काठावर एकटी कडूबाई उरली, लेकीचं घड्याळ मुठीत धरून. त्या सगळ्या पाठींच्या गर्दीत तिला नवरा दिसेना, लेकही दिसेना. घंटा तेवढी अजून वाजत होती.