खोटाखोटा चहा

राजाजीनगरच्या घरात स्मृती आणि गिरीराज रोज संध्याकाळी तासभर फरशीवर बसून आपल्या सात वर्षांच्या लेकीबरोबर, चंदनाबरोबर, भातुकली खेळायचे. चंदना स्वमग्न होती. ती खोटंखोटं खेळायला लागली की तिचं बोलणंही वाढेल, असं थेरपिस्टनं सांगितलं होतं. आठ महिने चंदनानं नुसत्या बशा गरगर फिरवल्या.

त्या दिवशी मात्र तिनं रिकामा कप उचलला आणि बाहुलीच्या तोंडाला लावला.

"स्वल्प गरम आहे," ती घरातल्यासारखं कानडी-मराठी मिसळून म्हणाली.

गिरीराजनं स्मृतीचा हात घट्ट धरला. स्मृतीला रडूच फुटलं.

"टिंग टाँग!" चंदना स्वतःच ओरडली. तिनं घाईघाईनं कप खाली ठेवला, बाहुलीला उचलून कपाटात बसवलं आणि दार बाहेरून लावलं.

"कोण आलं गं?" डोळे पुसत स्मृतीनं हरखून विचारलं.

चंदनानं ओठांवर बोट ठेवलं. मग कपाटाच्या दाराला तोंड लावून ती हुबेहूब स्मृतीच्या आवाजात कुजबुजली, "आवाज करायचा नाही हं, राणी. पाहुणे गेले की अम्मा दार उघडेल."