उतरते आकडे

दादाला अग्नी दिला आणि दुसऱ्याच दिवशी ती दवाखान्याच्या लॅबमध्ये कामावर हजर झाली. घरी बसून तरी काय करणार होती? कोरोना म्हणून शेवटचं तोंडसुद्धा कुणी पाहू दिलं नव्हतं.

तो वरच्या वॉर्डात असताना त्याच्या रक्तातली लिव्हरची एन्झाइम्स तीच तपासायची. आकडे चढतच गेले. डॉक्टर नुसतं "बघू" म्हणायचे, आणि सगळे बघतच राहिले.

त्या सकाळी वॉर्डातून आलेल्या नळ्यांमध्ये एक दादाच्या नावाची होती. हातात घेतली तर रक्त अजून कोमट होतं.

तिनं वॉर्डात फोन लावला. "सिस्टर, दादाचं रक्त कुणी काढलं?"

"काहीतरीच काय, ताई! तो पलंग रिकामा आहे."

तिनं तरीही तपासणी केली. आकडे उतरले होते.

मग रोज नळी येऊ लागली आणि आकडे रोज उतरू लागले. तिला भीतीपेक्षा रागच जास्त आला. "जिवंत होतास तेव्हा काय झालं होतं रे?" ती नळीवरच खेकसली.

एका दुपारी आकडे अगदी धडधाकट माणसाचे आले. तेवढ्यात फोन वाजला. वॉर्डातून सिस्टर कुजबुजत होती.

"ताई, काही झालं तरी वर येऊ नका."

फोनमध्येच, सिस्टरच्या मागे कुणीतरी खोकलं आणि दादाच्या आवाजात म्हणालं, "तेव्हाही असंच अडवलंत तिला."