कागदी ब्लाउज

वस्तीतल्या मोफत शिवणवर्गात पहिला महिनाभर ब्लाउज रद्दीच्या वर्तमानपत्रावरच बेततात. कापड नंतर मिळतं.

वनमालाने आज कापलेल्या ब्लाउजच्या पाठीला मधोमध चौकोनी भोक होतं. शिवणाच्या मॅडमनी कागद उजेडात धरला.

"असंच कापणार असशील तर कापड तुझ्या हाती द्यायची नाही मी."

वनमालाने कमरेची पिशवी उघडून चौकोनी तुकडा पुढे केला. "रात्रशाळेची जाहिरात आहे, मॅडम. मोठ्या बायकांनाही घेतात. सातवीत शाळा सुटली माझी."

मॅडमनी जाहिरात दोनदा वाचली. मग रद्दीच्या गठ्ठ्यातून त्याच पेपरची त्याच तारखेची दुसरी प्रत शोधली, टेबलावरची कात्री घेतली आणि तोच चौकोन सावकाश, सरळ रेषेत कापला.

"माझी पाचवीत," त्या म्हणाल्या.