वळखीचा नंबर

“दमा हाय तिला. जरासाच,” आई म्हणाली, आन् संयोगितानं मान वळवून तिच्याकडं असं बघितलं, की जीभ हासडून हातात देईल.

डॉक्टरांनी मान वर न करताच कागदावर लिवलं.

केबिनमधी खुर्च्या तीन. एकीवर संयोगिता, दुसरीवर आई, तिसरीवर कागलचे बाळासो. राजारामपुरीतल्या ह्या छातीच्या डॉक्टरांचा नंबर म्हंजे महिनाभर थांबा. बाळासोंची कंपाउंडरशी वळख, एका फोनवर त्यांनी नंबर लावून दिलता. आन् नंबर लावून देणारा माणूस आत बी येऊन बसला, तर त्याला ऊठ कोण म्हणणार? त्यात त्यांच्या पुतण्यासाठी, राजवीरसाठी, संयोगिताचं नाव निघालेलं. टोपी मांडीवर ठेवून बसले हुते निवांत, सोयरिकीला आल्यागत.

“हुपरीची पोर, घरात चांदीचा धंदा, आन् पायात पैंजण न्हाय व्हय?” बाळासो हसत म्हणाले.

“आजकालच्या पोरी, पावणं,” आई बी हसली. “आवडत न्हाय तिला.”

“कुठली औषधं चालू आहेत?” डॉक्टरांनी विचारलं. आईला.

“न्हाय, तसलं काय न्हाय.”

आईच्या मांडीवर पिशवी हुती. पिशवीत फाईल, विटंएवढी जाड. आत मांजर कोंडल्यागत आई पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी दाबून बसलेली.

ती फाईल गेल्या आठवड्यात लहान मुलांच्या डॉक्टरबाईंनी संयोगिताच्या हातात दिलती. आईच्या न्हाय. “अठरा झाली तुला. आता मोठ्यांच्या डॉक्टरकडं जायचं. आन् तिथं तू बोलायचंस, आईनं न्हाय,” म्हणाल्या. रोगाचं नाव, औषधं, किती, कवा, सगळं तिच्याकडनं तीनदा म्हणून घेतलं. संयोगितानं घरी आरशासमोर पाठ केलं. शाळंत बी कधी एवढं पाठ केलं न्हवतं तिनं.

“पंप लिहून देतोय. दिवसातून दोनदा ओढायला लावा. महिन्यानं दाखवा,” म्हणत डॉक्टरांनी कागद पुढं केला. तिच्या नाकासमोरनं कागद आईच्या हातात गेला.

संयोगिताच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“त्यावर माझं नाव हाय की,” ती म्हणाली. “मग मला विचारा.”

“गप,” आई दातातनं बोलली.

“गप बसून मरू? दमा न्हाय मला, डॉक्टर. सिस्टिक फायब्रोसिस हाय. जन्मापासनं. कफ डिंकासारखा हुतोय, फुफ्फुसात चिकटून बसतोय, तिथंच सडतोय. अन्न पचत न्हाय, म्हणून खाल्लं की गोळ्या. दिवसाला बावीस गोळ्या खातो मी. कफ सुटायला सकाळी वाफेचं मशीन, संध्याकाळी मशीन. आन् पावणं, माझ्या घामात मीठ हाय. पैंजण घातलं की आठ दिसांत काळं. आवडीनिवडीचा काय संबंध न्हाय त्यात.”

बाळासोंनी मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. “पण हा तर लहान मुलांचा आजार. मोठ्यांमध्ये सहसा...” आन् थांबले.

“का थांबला? बोला की! मोठी व्हायच्या आधीच मरत्यात म्हणून?” संयोगिता उभी राहिली. “मी न्हाय मेलो. त्या लहान मुलांच्या डॉक्टरबाई म्हणत्यात, मोठी झालीस, आता तिकडं जा. तुम्ही म्हणताय, लहान मुलांचं हाय. मग मी कुठं जाऊ? दोन दवाखान्यांच्या मधी, रस्त्यावर बसू?”

बाळासो उठले. “चालू दे तुमचं. मी बाहेर हाय.”

“बाहेर कशाला थांबताय? जावा की कागलला, एसटी मिळंल,” संयोगिता म्हणाली. “नंबर लावला, उपकार झाले.”

ते गेले. आईच्या तोंडाचा रंग उडाला.

“मोडलंस. सोताच्या हातानं मोडलंस. आता कोण करून घेणार तुला?”

“करून घ्यायला आधी जित्ती पायजे न्हवं मी? त्या पंपावर किती दिस जगवणार हुतीस?”

तिनं पिशवी धरली. आईनं बी धरली. दोघींनी एकदा वडली, दोनदा वडली, मग आईचे हात आपसूक सुटले. संयोगितानं फाईल काढून टेबलावर आदळली. डॉक्टरांचा पाण्याचा ग्लास हिंदकळला.

डॉक्टरांनी पहिलं पान वाचलं. मग दुसरं. मग आईच्या हातातला कागद मागून घेतला आन् टराटरा फाडला.

“खरं सांगतो, असा पेशंट मी आजवर सांभाळलेला नाही,” ते म्हणाले. “तुझ्या डॉक्टरबाईंशी आजच बोलतो. हे सगळं वाचायला मला वेळ लागेल.”

“वाचा. बसतो मी.”

त्यांनी ड्रॉवरमधनं झाकणाची डबी काढली आन् तिच्याच हातात दिली. “तोवर कफ तपासायला पाठवू. त्या खिडकीपाशी जा, खोकून यात काढ.”

संयोगिता खिडकीपाशी गेली. छातीत घरघर सुरू झाली.

“हळू गं,” मागनं आई कुजबुजली. “बाहेर माणसं बसल्यात.”

संयोगितानं खिडकीचं दार सताड उघडलं, छाती भरून श्वास घेतला आन् बेंबीच्या देठापासनं खोकली. खाली रिक्षावाल्यानं दचकून वर बघितलं.

ती परत खोकली.